चौथं कपाळ

सुताराकडे करवत मागायला कानोर निघाला, तेव्हा सकाळचे पाव घेऊन परतणाऱ्या बायका त्याच्याकडे बघून हसत होत्या. काखेत त्याने स्वयंपाकघराच्या दाराचं एक फळकूट धरलं होतं. त्यात मधोमध भोक पाडायचं होतं, माणसाचं तोंड मावेल एवढं.

समोरच्या पायरीवर म्हातारा इंगो विडी ओढत बसला होता. तो कसला गप्प बसतोय! "काय रे, नवा संडास बांधतोयस की काय?"

"नाही इंगोकाका. आईचं तोंड ठेवायला आहे."

"मग जरा मोठंच पाड बाबा. तिचं तोंड मला चांगलं ठाऊक आहे."

कानोरही हसला. सरोवराकाठच्या आमच्या या गावात देन्सियाचं तोंड कोणाला ठाऊक नव्हतं? खरं नाव गाउदेन्सिया, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कोणाला असते. देन्सिया जात्याच संशयी. कोणी मीठ दिलं तरी आधी जिभेवर टेकवून बघणार, मग पदरात घेणार. मासेवाल्या तिला लांबून बघूनच टोपली झाकायच्या.

तिचा उजवा डोळा काचबिंदूने फार पूर्वीच गेला होता. उरला होता डावा. त्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला, ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो तसा. शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तो शस्त्रक्रिया करून जागेवर बसवला, लेसरने टाचला आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरून दिला. बुडबुड्याचा धर्म वर चढायचा, आणि पडदा असतो डोळ्याच्या मागच्या भिंतीला. म्हणजे तोंड जमिनीकडे ठेवलं तरच बुडबुडा वर चढून पडद्याला दाबून धरणार. एवढी साधी गोष्ट. पण पहिल्या खेपेला देन्सियाने घरी आल्या आल्या शिळे मासे ताजे म्हणून खपवणाऱ्या बाईशी भांडायला मान वर केली. भांडण जिंकली आणि पडदा परत सुटला.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "आजी, ही शेवटची संधी. खाताना, झोपताना, चालताना नाक जमिनीकडे. आता सुटला, तर माझ्या हातात काही उरणार नाही. कायमचा अंधार."

तेव्हा शेजारी धाकटा मुलगा इस्को बसला होता. तो लांब पल्ल्याची बस चालवायचा. त्याने येताना वाटभर आईला झापलं. "मान वर केलीस ना आई, तर मी बोलणार नाही तुझ्याशी. सांगून ठेवतो."

"बरं बरं, दीडशहाण्या, रस्त्याकडे बघ," देन्सिया मांडीत तोंड घालून म्हणाली होती.

तर असं ते भोकाचं फळकूट. कानोरने ते वरच्या मजल्यावरच्या खाटेवर बसवलं, कडेला टॉवेल गुंडाळले, आणि देन्सिया त्यात तोंड घालून पालथी पडली. डोळ्यात बुडबुडा असल्यामुळे सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं गढूळ दिसे. नाकाशी आणलेली वस्तू तेवढी थोडीफार कळे. बाकी तिच्या वाट्याला आल्या त्या जमिनीच्या फळ्या आणि फळ्यांमधल्या फटी.

आमच्याकडे संध्याकाळी ख्रिस्ताच्या देवळाची घंटा झाली की घरातली धाकटी माणसं थोरांचा हात हातात घेतात आणि आपल्या कपाळाला लावतात. थोरांनी म्हणायचं, देव तुझं भलं करो. देन्सियाचा उजवा हात खाटेवरून खाली लोंबत असायचा. चेहरे दिसत नव्हते, पण कपाळं कळायची. कानोरचं रुंद आणि घामेजलेलं. सून पेर्लाचं पावडर लावलेलं. नात साबेल कॉलेजात जाणारी, तिच्या झुलपांनी हाताला गुदगुल्या व्हायच्या. तीन कपाळं झाली की देन्सियाचा दिवस संपला.

आणि एका संध्याकाळी चौथं आलं.

तिघं येऊन गेली होती. घंटा थांबली होती. जिना वाजला नाही, आणि आमच्याकडचे लाकडी जिने मांजर चढलं तरी कुरकुरतात. देन्सियाचा हात कोणीतरी हलकेच उचलला. कपाळ टेकलं. गार होतं, कोरडं होतं, आणि घासलेल्या गोट्यासारखं गुळगुळीत.

"आई..." कोणीतरी कुजबुजलं.

"इस्को? अरे, कधी आलास? देव तुझं भलं करो रे."

हात परत खाली लोंबला.

पेर्ला पेज घेऊन आली. खाटेखाली बसून ती नळीने पेज पाजायची. देन्सियाने विचारलं, "इस्को आला आणि तसाच गेला? जेवला तरी का?"

नळी तोंडातून निसटली. पेज जमिनीवर सांडली.

"इस्को... बिकोलला गेलाय ना आई. लांबची फेरी आहे."

"मग मघाशी कोण होतं?"

"साबेल असेल."

"अगं, नातीचं कपाळ मला कळत नाही? डोळा गेलाय, अक्कल नाही गेली."

पेर्ला वाटी घेऊन निघाली. पण जिन्यात तिचं आणि कानोरचं कुजबुजणं देन्सियाने टिपलंच. पालथ्या माणसाचे कान दुप्पट होतात.

"तुम्ही आज तिथून निघाल्यावर वाटेत कुठे थांबला होतात ना? निदान कॉफीला?"

"आई एकटी होती घरात. थेट आलो."

"अहो, थेट? देवा रे..."

आता हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. मयताकडून निघालं की थेट घरी यायचं नाही. एखाद्या दुकानात टेकायचं, काही खायचं, चार माणसांत मिसळायचं. पाठीमागे काही लागलं असेल तर ते तिथेच झटकलं जातं.

"कानोर! मेलं कोण?" ती भोकातून ओरडली.

मग कानोर वर आला आणि खाकरून म्हणाला, "इंगोकाका गेले, आई. त्यांच्या घरात जागा नाही म्हणून आपल्याच अंगणात मांडव घातलाय. आवाज होईल जरा. तू मनावर घेऊ नकोस."

"इंगो गेला? सकाळी तर खोकत होता मेला."

"हो ना. खोकता खोकताच..."

खालून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, कॉफीचा आणि फुलांचा वास येत होता, पत्ते आपटले जात होते. मयताला एकटं सोडायचं नाही म्हणून माणसं पत्ते कुटत बसतात, तीच रीत. सगळं बरोबर होतं. तरी तिला ते मीठ जिभेवर टेकवून बघावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, सांडलेली पेज तशीच वाळली होती. पेर्ला म्हणजे कोण! दिवसातून दोनदा केर काढणारी, मुंगीला घरात पाय ठेवू न देणारी. नाकाखालच्या फळीवर धुळीचा थर दिसत होता, एवढा की गढूळ डोळ्यालाही कळावा.

"पेर्ला, केर नाही काढलास?"

"पाठ भरून आलीय, आई."

"बरं. मग निदान माझे केस तरी विंचर. जटा झाल्यात."

"कंगवा... सापडत नाहीये."

घरात मयत असलं की केर काढायचा नाही, केस विंचरायचे नाहीत. पण मयत तर इंगोचं. मग कंगवा आपल्या घरातला का हरवला? देन्सिया विचार करत राहिली, आणि विचार जितका पुढे जाईल तितका तिला तो मागे ओढावासा वाटू लागला.

संध्याकाळी घंटा झाली. तीन कपाळं आली, घाईघाईने.

मग जिना न वाजता चौथं आलं. तेच गार, तेच गुळगुळीत. या वेळी ते हातावर टेकून राहिलं.

"इस्को, तुझी माणसं माझ्याशी खोटं बोलताहेत रे. काय चाललंय घरात?"

"आई... वर बघ ना."

देन्सियाची मान ताठ झाली. आईच ती. पोराने हाक मारली की मान आधी वळते, विचार मागून येतो. हनुवटी टॉवेलवरून उचललीसुद्धा गेली थोडी. पण स्वभाव आडवा आला.

"तू डॉक्टरीणबाईंसमोर बसला होतास ना? मान वर केली तर बोलणार नाही म्हणालास. आणि आता तूच सांगतोस?"

नुसता श्वास आला. श्वास तरी कसला, ओल्या फडक्यासारखा वास.

"एकदाच... वर बघ."

तिने हनुवटी परत टॉवेलात दाबली आणि डोळा घट्ट मिटून घेतला. हात सुटला, पण बराच वेळ तिला कळेना की तो गेला आहे की तिथेच उभा आहे. ती रात्र तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीखाली कोणीतरी खोकलं. मागोमाग ओळखीचा घोगरा आवाज आला, "पेर्ला, कॉफी पार गार झाली गं!"

इंगो. मेलेला इंगो कॉफी मागत होता. तिने देवाचं नाव घेतलं. तोच इंगो परत कडाडला, "अरे हुकूम टाक, गाढवा! बापाने पत्ते शिकवले नाहीत काय?" कोणीतरी म्हणालं, "हळू, काका, वर आजी..." आणि आवाज दबला.

भूत पत्त्यांवरून कोणाचा बाप काढत नाही. इंगो धडधाकट होता.

देन्सियाने भोकातून खाली बघितलं. फळ्यांच्या फटींतून पिवळ्या उजेडाच्या रेघा येत होत्या. भरदुपारी, बैठकीच्या खोलीत, बरोबर तिच्या खाटेखाली. मेणबत्त्या. मयत अंगणात नव्हतं. ते घरात होतं. तिच्याखाली कोणीतरी उताणं निजलं होतं आणि ती त्याच्यावर पालथी. दोघांच्या मध्ये फक्त फळ्या.

तिने कानोरला हाक मारली. तो येऊन उभा राहिला.

"माझ्याखाली कोण निजलंय, कानोर?"

कानोर मटकन खाली बसला. मग एवढा मोठा बाप्या, तोंडात मूठ कोंबून रडला. घाटातल्या वळणावर बस कठड्यावर आदळली होती. उतारू वाचले. इस्को गेला. कानोर जाऊन शवागारातून त्याला घेऊन आला होता.

"उद्या सकाळी पुरणार," तो म्हणाला.

"आणि मला? मला न दाखवता?"

"आई, तू उठली असतीस, धावली असतीस... एकच डोळा आहे गं तुझा."

"जाऊ दे डोळा! आग लागो त्या डोळ्याला! लेकाला बघायचं नाही तर ठेवून काय मासे निवडू?" देन्सिया भोकातून हंबरत होती. "तो दोनदा येऊन गेला रे माझ्याकडे. हात कपाळाला लावला. वर बघ म्हणाला. आणि मी करंटी, मी त्याच्यावर संशय घेतला! उचल मला. उताणी कर. मला बघायचंय त्याला."

कानोर पांढराफटक पडला. दारात उभी असलेली पेर्ला मात्र पुढे आली. "थांबा, आई," ती म्हणाली. "पेटीतल्या माणसाला बघायला मान खालीच घालावी लागते. वर कशाला करता?"

एवढी साधी गोष्ट, आणि तीन दिवस कोणाला सुचली नव्हती.

ऊन उतरल्यावर त्यांनी तिला खाली आणलं. कानोर तिच्यापुढे उलटा उतरत होता, तिचं डोकं आपल्या छातीशी दाबून. अंगणातले पत्ते थांबले. इंगो टोपी काढून उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

देन्सिया पेटीवर ओणवी झाली. आमच्याकडे पेटीवर आसू पडू देत नाहीत, मेलेल्याची वाट जड होते म्हणतात. पालथ्या तोंडाचे आसू तर सरळ खालीच पडणार. म्हणून पेर्लाने तिच्या नाकाखाली रुमाल ताणून धरला. पेटीच्या झाकणातल्या काचेपलीकडे पांढरा सदरा आणि सावळा ठिपका, याहून जास्त तिला दिसेना.

"काच काढ."

"आई, नको. कपाळाचं... बसची समोरची काच तिथेच लागली त्याला. टोपी घालून ठेवलीय."

"काढ म्हणते ना."

कानोरने पेटीची काच सरकवली. देन्सियाने डावा हात आत घातला. नाक. मिशी. उजव्या कानाची जाड पाळी, लहानपणी पिळून पिळून तिनेच जाड केलेली. तिचाच इस्को. मग हात टोपीखाली गेला. भुवयांपासून केसांपर्यंत जाड टाके होते, उसवलेली गोणी शिवावी तसे, आडवे, उभे, एकावर एक. बोट ठेवायला सपाट जागा नव्हती. तिने तळवा तिथेच ठेवला. "माझ्या राजा," ती म्हणाली, "किती लागलं रे तुला..."

देवळाची घंटा सुरू झाली.

अंगणातली माणसं उभी राहिली, छातीवर क्रूस काढू लागली. देन्सियाचा डावा हात लेकाच्या टाक्यांवर होता. उजवा पेटीच्या बाजूला लोंबत होता.

तो उजवा हात कोणीतरी उचलला. कपाळ टेकलं.

गार. कोरडं. आणि गुळगुळीत.

तिने डाव्या हाताची बोटं हलवून पाहिली. टाके तिथेच होते, डोकं तिथेच होतं, पेटीत, जड.

"कानोर..." ती पुटपुटली. "उजवीकडे कोण आहे?"

"कोणी नाही, आई. मी तुझ्या डावीकडे आहे. पेर्ला समोर."

"साबेल?"

"ती मागे, दाराशी. का गं?"

कानाशी ओल्या फडक्याचा वास आला. "देव भलं करो म्हण ना, आई... वर बघून म्हण..."

तिच्या मानेची शीर अन् शीर वर ओढत होती. नुसतं बाजूला वळलं की दिसणार होतं. दोन संध्याकाळी जे तिच्या लेकाच्या नावाने आलं, त्याचं तोंड कसं आहे ते एकदा बघावं, एकदाच. तिने कपाळ पेटीच्या कडेला गच्च टेकवलं. पहिल्या संध्याकाळी आपण त्याला आशीर्वाद देऊन बसलो, हे तिला आठवलं.

"माझ्या पोराचं कपाळ या हाताखाली आहे," ती दात आवळून म्हणाली. "तू कोणाचा आहेस ते जा आणि तुझ्या आईला विचार."

तिने हात हिसडला. हात सुटला. घंटा थांबली तशी पेर्लाने विचारलं, "कोणाशी बोललात, आई?" दुःखाने म्हातारी भ्रमली, असंच सगळ्यांनी धरून चाललं.

सकाळी इस्कोला पुरलं. देन्सिया मान खाली घालून कबरीपर्यंत गेली आणि मान खाली घालूनच परतली. येताना तिने सगळ्यांना बाजारात थांबायला लावलं, बळंबळं कॉफी पाजली. त्यानंतर संध्याकाळी घंटा झाली की ती दोन्ही हात पोटाखाली दाबून ठेवायची. तिघांना कपाळ लावायला द्यायची नाही. चौथं आलं नाही.

पुढे डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पडदा चिकटला. बुडबुडा दिवसागणिक आटला, आधी वाटाण्याएवढा, मग मोहरीएवढा, आणि एके दिवशी दिसेनासा झाला. पहिल्यासारखं नाही, पण दिसू लागलं. पेर्लाचे पांढरे झालेले केस दिसले. मासेवाल्या परत टोपल्या झाकू लागल्या. देन्सिया हसायलाही लागली थोडी, आणि मग हात पुढे करायलाही.

एका संध्याकाळी ती आणि कानोर जेवायच्या मेजाशी बसले होते. घंटा झाली. साबेलने आजीचा हात कपाळाला लावला, बापाचा लावला, आणि आईला मदत करायला स्वयंपाकघरात गेली. कानोर शेंगा सोलत होता. देन्सिया सहज त्याच्याकडे बघत होती, लेक किती वाळलाय म्हणून.

कानोरचा उजवा हात मेजावरून हळूच उचलला गेला. त्याने उचलला नाही, उचलला गेला. बोटं सैल होती, तळवा खाली. हात मेजाच्या कडेबाहेर, हवेत, थांबून राहिला.

शेंगांवरची नजर न काढता कानोर म्हणाला, "देव तुझं भलं करो."

हात परत मेजावर आला.

देन्सियाने मेजाची कड धरली. "कानोर... कोणाला म्हणालास?"

"साबेलला. आत्ता आली ना." त्याने हाताची मागची बाजू विजारीला पुसली.

आतून साबेलचा आवाज येत होता. आईला ती मिठाची बरणी कुठे आहे म्हणून विचारत होती.

"कपाळ केवढं गार झालंय गं पोरीचं," कानोर शेंग फोडत म्हणाला. "आणि हल्ली रोज दोन-दोनदा येते, वेडी."